भांग ते उधाण : धरमतर खाडीकाठच्या एका खारबांधाचे प्रकरण

या प्रकरणातील गाव धरमतर खाडीच्या पश्चिम काठावर, अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. बांधाबाहेर राहिलेल्या जमिनींचा प्रश्न अद्याप महसूल दप्तरी प्रलंबित असल्यामुळे गावाचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही. सालांऐवजी मराठी महिने आणि तिथ्या दिल्या आहेत, कारण खारेपाटातले बांधाचे सारे काम तिथीवरच चालते आणि तिथीशिवाय हे प्रकरण समजतही नाही. गाव लहान आहे. वस्ती बहुतांशी आगरी समाजाची, घरे थोड्याशा उंचवट्यावर एकमेकांना लागून, आणि तीन बाजूंना भाताची खाचरे. ही खाचरे उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यामुळे शेत आणि खाडी यांच्यामध्ये उभा असलेला मातीचा बांध शाबूत आहे तोवरच तिथे शेत आहे.

बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले, काही वर्षे पीक बुडाले आणि शेवटी गावाने मागे सरकून नवा बांध घातला, एवढ्या चार वाक्यांत ही हकीकत सांगता येते. ती सांगणारे बहुतेक लोक निधी नव्हता असे कारण देतात. परंतु गावाने जपून ठेवलेले अर्ज, त्यांवरील शेरे आणि भरती-ओहोटीचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले असता माझे मत वेगळे झाले. निधी कमी पडला हे खरेच आहे. पण त्याआधी वेळ गेली, आणि वेळ गेल्यामुळेच निधी कमी पडला.

बांध आणि त्याची राखण

खारेपाटाची जमीन निसर्गाने दिलेली नाही. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीत बांध घालून, भरतीचे पाणी बाहेर अडवून आणि आतली माती पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊन ती पिढ्यांनी तयार केली आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेणच्या बाजूला, खाजणे लागवडीखाली आणणाऱ्यांसाठी शिलोत्री नावाची वेगळी जमीनधारा होती आणि बाहेरच्या बांधाची निगा हा तिचा गाभा होता. पुढे खोत आणि कुळे यांच्यातील संबंधांत बांधाची मेहनत कुळांच्या अंगावर आणि उत्पन्नाचा मोठा वाटा खोताच्या घरी अशी स्थिती झाली. याच खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा या स्थितीविरुद्धचा उठाव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. या भागातला शेतकरी आपल्या जमिनीविषयी इतका हळवा का असतो, हे त्या सहा वर्षांची आठवण घराघरांत अजून सांगितली जाते यावरून कळते.

खोती गेली, कुळे मालक झाली, आणि बांधाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्याचे गावपातळीवरचे उत्तर म्हणजे जोळ. एका बांधाच्या आत ज्यांची जमीन, त्या सर्वांनी मिळून बांध राखायचा. जमिनीच्या प्रमाणात माणसे द्यायची. माणूस देता आला नाही तर भात किंवा रोख द्यायची. राखणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग दुरुस्ती नसून फेरी हा होता. ओहोटी लागल्यावर बांधाच्या आतल्या पायथ्याने चालत जायचे आणि कुठे पाझर दिसतो ते पाहायचे. पाझराचे पाणी निवळ असेल तर तो फारसा धोक्याचा नसतो. मात्र ते गढूळ दिसले तर बांधाच्या पोटातली माती वाहून येत आहे असे समजून त्याच ओहोटीत काम धरावे लागते. बहुतेक वेळा कारण चिंबोऱ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे बीळ असते. ते शोधून, बाहेरच्या तोंडापासून आतपर्यंत उकरून, पेंढा मिसळलेला खाडीचा चिकण चिखल पायाने तुडवत भरायचा, हे दोन-तीन माणसांचे आणि काही तासांचे काम आहे.

बांधाचे दुसरे अंग म्हणजे उघाडी. बांधातून काढलेल्या मोरीला खाडीच्या बाजूने झडप असते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. ही साधी रचना आहे, पण झडपेत एखादी फांदी अडकली तर खारे पाणी आत येते, आणि झडप गाळाने बसली तर ऐन श्रावणात गोडे पाणी आत तुंबून भात कुजते. म्हणून उघाडीवर कायमचा माणूस असे, आणि त्याला जोळीतून भात मिळे.

१९४८ चा खार जमिनींचा कायदा आणि त्यानंतरचा महाराष्ट्र खार जमिनी विकास अधिनियम, १९७९ यांमुळे अनेक बांध सरकारी योजनांत आले. दगडी पिचिंग, पक्क्या उघाड्या, रुंद माथे अशी कामे जोळीला कधी झेपली नसती, आणि ती झाली म्हणून पुढच्या काळात हजारो लोकांनी निर्धास्तपणे शेती केली, हे मान्य केले पाहिजे. पण बांध खात्याचा झाल्यावर फेरी कोणाची, हे ठरलेच नाही. खात्याकडे लांबच लांब बांधांसाठी तेवढी माणसे नव्हती आणि गावाला आता ते आपले काम वाटेनासे झाले. या गावात जोळ कोणी मोडली नाही. वर्गणी मागणारे म्हातारे गेले आणि त्यांच्या जागी कोणी उभे राहिले नाही. उघाडीवरचा माणूसही त्याच सुमारास बंद झाला.

खांड

मार्गशीर्ष अमावास्येच्या उधाणानंतर गावातील एका मासेमाराला बांधाच्या आतल्या बाजूस गढूळ पाण्याची धार दिसली. त्याने गावात सांगितले. चार तरुणांनी जाऊन आतल्या तोंडावर मातीची पोती रचली. पोती आतून रचल्याने बाहेरचे बीळ तसेच राहिले. पौर्णिमेच्या उधाणात तेवढा भाग बसला आणि बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडले. सुरुवातीला तिची रुंदी बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच होती, असे सर्वजण एकमुखाने सांगतात.

इथे भरतीचे गणित थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे सर्वांत उंच चढणारी भरती असते, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. मुंबई बंदराच्या तक्त्यांत उधाणाची भरती साडेचार मीटरपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जाते, भांगाची भरती साडेतीन मीटरच्या आतबाहेर राहते. हा सुमारे एक मीटरचा फरकच खारेपाटातल्या माणसाच्या हाती असलेली सवलत आहे. भांगाचे पाच-सहा दिवस खाचरांच्या पातळीवर पाणी फारसे चढत नाही; त्या दिवसांत खांड बांधली तर ती पुढच्या उधाणापूर्वी थोडी आवळते आणि टिकते. ते दिवस हुकले तर पुढचे उधाण खांडीतून आत जाते आणि परत येते, दिवसातून दोनदा. आत जितकी जमीन मोकळी, तितके अधिक पाणी त्या एका तोंडातून ये-जा करते, आणि जितके अधिक पाणी, तितका तळ अधिक खरवडला जातो. म्हणजे खांड स्वतःच स्वतःला वाढवत नेते. पहिल्या भांगात जे काम वीस माणसे आणि काही घमेली यांनी होते, तेच चौथ्या भांगात होडीतून पोती टाकूनही होत नाही, कारण तोपर्यंत तिथे शेताच्या पातळीखाली कित्येक फूट खोल डोह झालेला असतो.

गावाने खांड गेल्यावर दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज दिला. संबंधित कार्यालयाने तो नाकारला नाही, दुर्लक्षही केले नाही. अभियंता येऊन पाहणी करून गेला, मोजमाप झाले, अंदाजपत्रक तयार झाले, ते मंजुरीसाठी वर गेले. यातील प्रत्येक पायरी नियमानुसारच होती. फक्त मोजमाप ज्या खांडीचे झाले ती खांड मंजुरीच्या वेळी अस्तित्वात नव्हती. तिच्या जागी दुसरी, कितीतरी मोठी खांड होती. सुधारित अंदाजपत्रक करावे लागले. ते होईपर्यंत ज्येष्ठ लागला, आणि पावसात खाडीचे काम कोणी हाती घेत नाही. दुसऱ्या वर्षी हेच पुन्हा घडले. अर्जांची फाईल वाचताना मला कोणा एका अधिकाऱ्यावर बोट ठेवता येईना, आणि तीच या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. कार्यालयाचे काम आर्थिक वर्षाने चालते आणि खांड पंधरवड्याने वाढते.

गाव त्या पहिल्या भांगात स्वतः का उतरले नाही, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. उत्तरे प्रामाणिक होती. सरकारी बांधाला हात लावला तर पुढे सरकार काम करणार नाही अशी भीती होती. तरुण मंडळी नोकरीला, कोणी जवळच्या कारखान्यांत, कोणी बोटीने मुंबईला. आणि तिसरे कारण असे की आतल्या जमिनीचा बराच हिस्सा गेल्या काही वर्षांत बाहेरच्यांनी विकत घेतलेला होता. मुंबईशी जवळीक वाढत गेली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, रेवस-करंजा पुलाची चर्चा तर त्याच्या कितीतरी आधीपासूनची. या साऱ्यामुळे खारेपाटातल्या जमिनीला भातापेक्षा निराळीच किंमत आली. ज्याने जमीन पिकवण्यासाठी घेतलेलीच नाही, त्याला खांडीची घाई नसते. जोळ उभी राहते ती सर्वांचे पीक एकाच पाण्याने जाते या जाणिवेवर, आणि इथे ती जाणीवच विभागली गेली होती.

धरमतर खाडीतून ये-जा करणाऱ्या मालवाहू बार्जच्या लाटांनी बांधाचा पायथा खचतो, अशी काठावरच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. या खांडीचे मूळ चिंबोऱ्यांच्या बिळात होते असे मला वाटते. तथापि बांध आधीच बारीक झाला होता हे जुनी माणसे सांगतात आणि ते खोडून काढण्याजोगे माझ्याकडे काही नाही. समुद्राची पातळीही स्थिर नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात ती सरासरी सुमारे २० सेंटीमीटरने वाढल्याचे हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाचा सहावा अहवाल सांगतो. बांधाचा माथा आणि उधाण यांच्यातील अंतर जिथे हातभरच असते, तिथे वीतभर वाढही हिशेबात धरावी लागते.

आत आलेली खाडी

खाऱ्या जमिनीत भात घेण्याची विद्या या लोकांकडे आहे. पहिल्या पावसात शेत भरून, पाणी सोडून, पुन्हा भरून मीठ धुऊन काढायचे. लावणी न करता मोड आलेले बियाणे, म्हणजे रहू, फेकायचा. आणि वाणही सोसणारा निवडायचा. जुन्या काळी काळा राता, भुरा राता हे वाण होते. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ दिले. परंतु हे सारे मातीत उरलेल्या मिठासाठी आहे. रोज दोनदा भरती येणाऱ्या शेतात कोणताच वाण उभा राहत नाही. खांड बुजली तरी पुढचे दोन-तीन पावसाळे धुण्यात जातात, हे धरूनच हिशेब करावा लागतो.

भाताबरोबर तळी गेली, आणि या गोष्टीची नोंद पंचनाम्यात नीट होत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. खारेपाटात घराजवळ किंवा शेताच्या कडेला तळे असते, आणि पावसाळ्यात खाडीतून पकडलेली जिताड्याची पिल्ले त्यात सोडलेली असतात. जिताडा गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो. तो तळ्यात दोन-तीन वर्षे वाढतो, आणि लग्नकार्य, पाहुणा, दवाखान्याचा खर्च अशा वेळी कामी येतो. खारे पाणी शिरल्यावर जिताडा मेला नाही. पण त्याच तळ्यातले रोहू-कटला मेले, तळ्याचे काठ ढासळले, आणि उधाणाच्या पाण्याबरोबर जिताडा खाडीत निघून गेला. घरातली बाई जे सहज विकून हाताशी पैसे करू शकत होती, ते या एका हंगामात संपले. सातबाऱ्यावर तळ्याची नोंद नसल्याने भरपाईच्या अर्जात तळे मांडताच आले नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खाचरांत तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची रोपे दिसू लागली. तिवराचे बी भरतीबरोबर वाहत येते आणि संथ चिखलात रुजते. बांध फुटलेले शेत त्याला अगदी मानवते. तिसऱ्या वर्षी ती कमरेएवढी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनांना कडक संरक्षण दिले आहे. ती तोडण्यास बंदी आहे आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. हा निकाल योग्य आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर भराव टाकून जे चालले होते त्याला दुसऱ्या कशानेही आळा बसला नसता. शिवाय बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा हाच बांधाचा पहिला रखवालदार असतो. लाटेचा जोर तो मोडतो, आणि ज्या ठिकाणी तो तुटला त्याच ठिकाणी बांध आधी खचतो हे गावातही सर्वांना ठाऊक आहे. पण बांधाबाहेरचे तिवर आणि बांध फुटल्यामुळे शेतात आलेले तिवर यांत कागदावर फरक करण्याची सोपी वाट नाही. परिणामी सातबाऱ्यावर भात, जागेवर कांदळवन, आणि मालकाला ना पिकवता येते ना साफ करता येते अशी स्थिती काही गटांत निर्माण झाली. दुरुस्तीला झालेल्या प्रत्येक महिन्याच्या उशिराने अशा गटांची संख्या वाढत गेली.

मागे सरकण्याचा निर्णय

तिसऱ्या वर्षी माघात ग्रामसभा झाली. तोपर्यंत खांडीच्या जागी खोल डोह होता आणि तिथेच बांध जोडणे गावाच्या आवाक्यातले राहिले नव्हते. एका निवृत्त मुकादमकाकांनी सुचवले की खांडीला आतल्या बाजूने वळसा घालून, जिथे जमीन अजून घट्ट आहे आणि तिवर आलेले नाहीत अशा जुन्या आतल्या बांधाच्या रेषेने नवा बांध न्यावा. सूचना शहाणपणाची होती, आणि म्हणूनच अवघड होती. कारण वळशाच्या बाहेर जी जमीन राहणार ती कोणाची तरी होती.

सभा रात्री उशिरापर्यंत चालली आणि नंतर अनेक दिवस घराघरांत चालू राहिली. जमीनमालकांमध्ये दोन भाऊ होते, एकाची सारी जमीन बाहेर आणि दुसऱ्याची सारी आत, आणि त्यांच्यात पूर्वीपासून बोलणे नव्हते. एका विधवा वहिनींची जमीन अर्धी तुटत होती. शेवटी जे ठरले ते असे : आतल्या प्रत्येक मालकाने दर गुंठ्यामागे वर्गणी द्यायची, ज्यांची जमीन बाहेर राहते त्यांच्याकडून काहीच घ्यायचे नाही, आणि आत पीक येऊ लागल्यावर पहिली काही वर्षे पिकाचा ठरलेला वाटा ज्यांची जमीन बाहेर राहिली त्यांना द्यायचा. बाहेरगावच्या मालकांना पत्रे गेली. काहींनी पैसे पाठवले, काहींनी उत्तरच दिले नाही, आणि त्यांचा वाटा गावाने उचलला. हा करार साध्या कागदावर आहे, त्याला कायद्याचे बळ नाही. तरी आजवर त्याप्रमाणे भात पोचवले गेले आहे. बोलणे नसलेल्या त्या दोन भावांतही धाकटा दरवर्षी मुलाच्या हाती मोठ्याकडे वाटा धाडतो.

काम चैत्रात सुरू झाले, कारण त्याआधी पोकलेन चिखलात रुतते. मातीवरून मतभेद झाला. ठेकेदाराला मुरूम सोयीचा होता, तो ट्रकने येतो. जुन्या माणसांचा आग्रह चिकण मातीचा होता, कारण मुरमातून पाणी झिरपते. मधला मार्ग काढून पोटात आतल्याच शेतातली चिकण माती आणि माथ्यावर मुरूम असे केले गेले. दोन्ही टोकांकडून बांध पुढे आणत शेवटचे तोंड मुद्दाम वैशाख वद्य अष्टमीच्या भांगासाठी राखून ठेवले आणि त्या दिवशी गावात कोणी कामावर गेले नाही. ते तोंड दुसऱ्या ओहोटीत बंद झाले. अमावास्येच्या उधाणात बांध एका ठिकाणी पाझरला, पण पाणी निवळ होते.

सध्याची स्थिती

पहिल्या पावसाळ्यात आत काहीच पेरले नाही. फक्त पाणी भरून सोडले. दुसऱ्या वर्षी रहू टाकला आणि उंच खाचरांत भात झाले, सखल खाचरांत पांढरे पडले. तिसऱ्या वर्षापासून बहुतेक शेत पिकते. तळी पुन्हा खणली जात आहेत, मात्र खाडीत जिताड्याची पिल्ले पूर्वीइतकी मिळत नाहीत असे मासेमार सांगतात. उघाडीवर पुन्हा माणूस ठेवला आहे आणि फेरीची पाळी वहीत लिहिली जाते. वही ग्रामपंचायतीत नसून देवळात असते, कारण देऊळ रात्रीही उघडे असते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात महाराष्ट्रातील खारबांधांचाही समावेश झाला होता, आणि आपल्या बांधालाही तसे पक्के काम मिळावे अशी गावाची मागणी आहे. ती रास्त आहे. पण माझ्या मते गावाच्या दुसऱ्या मागणीला अधिक महत्त्व दिले पाहिजे, कारण तिला खर्च जवळपास नाही. नुकत्याच गेलेल्या लहान खांडीसाठी स्थानिक कार्यालयाला वरच्या मंजुरीशिवाय, त्याच भांगात खर्च करण्याची मुभा असावी. गावाने स्वतः उतरून काम केले तर ते नंतर मोजून रोजगार हमीतून त्याची मजुरी मिळावी. आणि गावाने हात लावला म्हणून बांध सरकारी योजनेतून बाहेर पडणार नाही, हे लेखी द्यावे. या तीन बाबींचा ठराव ग्रामसभेने एकमताने करून पाठवला आहे. त्यावर पोच मिळाली असून उत्तर आलेले नाही. बाहेर राहिलेल्या गटांच्या सातबाऱ्यावर आजही भात हेच पीक आहे. ती नोंद बदलावी की तशीच ठेवून भरपाई मागावी, यावर त्या घरांत अजून एकमत झालेले नाही.